किल्ली कुणाच्या हातात?

दिवाळीनंतरच्या आमच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. कार्यालयातले तीन जुने लॅपटॉप भंगारात काढू नयेत, त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली बसवावी आणि यापुढे केसच्या नोंदी तिच्यावरच ठेवाव्यात. माझा स्वतःचा लॅपटॉप मी महिनाभर आधीच बदलला होता, त्यामुळे बोलण्यात जरा जोर होता. बोलणे पुरे होण्याआधीच आमच्यातल्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "अगं, चाकणला पोरी उभ्या राहून राहून पाय सुजवून घेताहेत. ठेकेदार पीएफ भरत नाही, पाळीच्या दिवशी बसायला साधं स्टूल मिळत नाही. आणि तू लॅपटॉपची सिस्टिम बदलायची म्हणतेस! हा काय बायकांचा प्रश्न आहे?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. सूचना 'नंतर पाहू' म्हणून बाजूला पडली. पण निगडीच्या बसमध्ये बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण ते मी आधी ऐकले होते, फक्त वेगळ्या तोंडांतून. या लेखात मला त्या वाक्याशीच भांडायचे आहे, ताईंशी नाही.

मैत्रिणींनो, आठवून पाहा. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भलिंग परीक्षेविरुद्धचा मंच उभा राहिला, तेव्हा आपल्याला काय सांगितले गेले? हे विज्ञान आहे, हा डॉक्टरांचा विषय आहे, यंत्राला कसली आली जात आणि कसले लिंग! आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या गप्प बसल्या नाहीत. ही सुई कुणाच्या पोटात जाते, निर्णय कोण घेतो आणि पैसे कुणाला मिळतात, असे त्यांनी विचारले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राला करावा लागला. म्हणजे यंत्र तटस्थ नसते हे या चळवळीला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. आपण ते सिद्ध केलेले आहे. मग आपल्या स्वतःच्या टेबलावरच्या यंत्राला तोच प्रश्न विचारायला आपण का कचरतो?

पाचशे रुपयांचा क्रॅक

आधी माझी गोष्ट सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हप्त्याने घेतलेला माझा लॅपटॉप. बिजागरी सैल झालेली, दोन कळा पुसट, पण काम चोख. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला. याचा अर्थ यंत्र बंद पडले असा नाही. अर्थ असा की त्यात सापडणार्‍या नव्या सुरक्षा-भोकांना ठिगळ लावायची जबाबदारी कंपनीने सोडली. विंडोज ११ घ्यावे तर त्याला सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप त्या चाळणीतून गळतात. माझाही गळला. एक वर्षाची वाढीव मुदत मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पण आपल्याकडे तिच्यासाठीही आधी कंपनीचे खाते काढून त्यात नाव नोंदवावे लागते.

पिंपरीतल्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने दोन रस्ते सांगितले. एक, चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप. दुसरा रस्ता त्याने आवाज उतरवून सांगितला, "मॅडम, पाचशेत क्रॅक मारून देतो. सगळे तेच वापरतात."

सगळे तेच वापरतात, हे खरे आहे. आपल्या किती संघटनांच्या कार्यालयात चोरीची प्रणाली चालते, हे आपण एकमेकींना विचारत नाही इतकेच. चोरीबद्दल मी नैतिक प्रवचन देणार नाही. पण कायदा माहीत असावा. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आले. त्यानुसार जाणूनबुजून संगणक प्रणालीची बेकायदा प्रत वापरणार्‍याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. सत्तेला नको असलेल्या संघटनेच्या हातात हे आयते निमित्त आपण का ठेवावे?

आणि कायद्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. त्या लॅपटॉपमध्ये काय आहे? माझ्या लॅपटॉपमध्ये भोसरी, मोशी, चाकण, खेड इथल्या बायकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी आहेत. नावे, पत्ते, माहेरचे फोन, वैद्यकीय दाखले, जखमांचे फोटो, कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जांचे मसुदे. कोणी तरी, कुठे तरी बसून कुलूप फोडले आणि ते फोडताना आत आणखी काय ठेवून दिले, हे त्या दुकानातल्या मुलालाही ठाऊक नाही. केसचे कागद आपण लोखंडी कपाटात ठेवतो आणि किल्ली पर्समध्ये. आणि तेच कागद संगणकात गेले की एका अनोळखी माणसाने फोडलेल्या कुलपाच्या भरवशावर!

मालक म्हणजे कोण?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई आमच्याकडे यायची. तिचे नाव-गाव सांगत नाही. शिकलेली, हिशेबाचे काम करणारी. नवर्‍याविरुद्धचा अर्ज आम्ही मिळून तयार केला आणि तो तिने घरी नीट वाचून पाहावा म्हणून तिला दिला. तिने तो घरच्या लॅपटॉपवर उघडला. लॅपटॉप 'तिचा' होता, लग्नात माहेरून आलेला. पण सुरू करून दिला होता नवर्‍याने, खाते त्याच्या नावाने, पासवर्ड त्याचा. फाइल तिने सेव्ह केली आणि ती त्याच खात्यातून त्याच्या फोनवर पोचली. त्या रात्री काय झाले ते मी इथे लिहिणार नाही. ती जिवंत आहे, आज वेगळी राहते, एवढेच सांगते.

त्या दिवसापासून मी प्रत्येकीला विचारू लागले, "तुझ्या लॅपटॉपचा मुख्य पासवर्ड कुणाला माहीत आहे?" उत्तरे ऐका. भावाला. मिस्टरांना. दुकानदाराला. ऑफिसच्या आयटीवाल्याला. "मला काय कळतंय त्यातलं, त्यांनीच करून दिलं." सातबारावर तिचे नाव लावण्यासाठी आपण मोर्चे काढले. बँकेत तिचे स्वतंत्र खाते असावे म्हणून बचत गट बांधले. आणि जिथे तिचे सगळे कागद, फोटो, पत्रे आहेत त्या यंत्रात ती पाहुणी!

इथे मला एक मराठी शब्द आठवतो. आपल्याकडे अजून कित्येक बाया नवर्‍याला 'मालक' म्हणतात. संगणकाच्या कंपन्याही मालकाच्या सोयीचे बोलतात. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. नव्या प्रकारच्या संगणकांवर दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवायचे, म्हणजे मालकाला मागे जाऊन काय काय पाहिले ते शोधता येईल. जगभर ओरड झाली, सोय लांबणीवर पडली आणि मालकाने स्वतः सुरू केली तरच चालेल अशा रूपात एप्रिल २०२५ मध्ये ती आली. पण आपण विचारायला हवे की घरातल्या लॅपटॉपचा 'मालक' कोण? ज्या घरात बाई कोणाशी बोलली याचा रोज हिशेब द्यावा लागतो, त्या घरात ही सोय कुणाच्या सोयीची?

आणि या घरातल्या मालकाच्या वर एक मोठा मालक बसलेला आहे. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती बसवताना ती इंटरनेट आणि कंपनीचे खाते मागते. खात्यातून आत शिरले की डेस्कटॉपवरची फोल्डरे कंपनीच्या साठवणीत जाऊ लागतात आणि ते थांबवायचे कुठे हे शोधत बसावे लागते. डिस्कला कुलूप लागते खरे, पण घरगुती आवृत्तीत त्या कुलपाची एक किल्ली कंपनीकडच्या आपल्या खात्यात जाऊन बसते. कुलूप आपल्या दारावर आणि किल्ली सातासमुद्रापार! माझा विरोध मायक्रोसॉफ्ट या एका नावाला नाही. दुसर्‍या कंपनीचे यंत्र घेतले म्हणजे सुटका होते असेही नाही. प्रश्न असा आहे की आपल्या घरात काय चालावे हे ठरवायचा अधिकार आपण कुणाला लिहून दिला, आणि तो वाचून दिला होता का?

फुकट नव्हे, मुक्त

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही कोंबले आहे, म्हणून तिकडच्या लोकांना ते वेगळे करून सांगताना धाप लागते. आपल्याला ते कष्ट नाहीत. मुक्ती हा शब्द आपल्या संघटनांच्या पाटीवरच आहे.

सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने 'ग्नू' नावाची, सर्वांना मोकळी असलेली प्रणाली बांधण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा ठरणारा लिनक्स लिहिला. दोन्ही एकत्र आले. पुढे १९९३ मध्ये डेबियन, २००४ मध्ये उबुंटू, २००६ मध्ये लिनक्स मिंट अशी त्याची वेगवेगळी रूपे निघाली. या सगळ्यामागे चार हक्क आहेत. प्रणाली कोणत्याही कामासाठी वापरण्याचा, तिची आतली लिखावट वाचून ती बदलण्याचा, तिच्या प्रती काढून शेजारणीला देण्याचा आणि आपण बदललेली प्रतही पुढे देण्याचा. मोबदल्यात अट एकच, तीही बहुतेक भागांना. जे हक्क तुला मिळाले ते पुढचीला नाकारायचे नाहीत.

हे ऐकून तुम्हांला काही आठवते का? मला जात्यावरची ओवी आठवते. ओवी कुणाची? पहाटे दळणार्‍या बाईने सासूकडून ऐकली, आपल्या भावाचे नाव घातले, आपल्या दुःखाची ओळ जोडली आणि शेजारणीला दिली. कुणी कुणाची परवानगी मागितली नाही, कुणी कुलूप लावले नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून मुळशी-मावळच्या खेड्यांतून आणि पुढे राज्यभरातून जमवलेल्या ओव्यांचा आकडा लाखावर गेला. एवढे मोठे वाङ्‌मय निरक्षर ठरवलेल्या बायांनी कुलपाशिवाय उभे केले आणि शतकानुशतके टिकवले. तेव्हा 'वाटून घेतलेले ज्ञान टिकत नाही' हे आम्हांला कुणी सांगू नये.

आणि चाकणच्या मातीला तर प्रतीचे मोल नव्याने सांगायलाच नको. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली, ती तरली, अशी आपली श्रद्धा सांगते. पण ती लोकांच्या तोंडी होती आणि चाकणच्या संताजी जगनाडे तेल्याने आपल्या वहीत उतरवून घेतली होती, हेही आपण जाणतो. ज्याची प्रत चार घरी आहे ते बुडवता येत नाही. नव्वदच्या दशकात आपल्या अनेक गटांनी पाहण्या केल्या, अहवाल लिहिले. तेव्हा प्रत्येक मराठी फाँटची संकेतपद्धती वेगळी, कंपनीगणिक निराळी. माझ्याकडे एका जुन्या कार्यकर्तीने विश्वासाने दिलेली, कामगार बायांच्या पाहणीची एक फाइल आहे. उघडली की नुसती चिन्हे दिसतात, जणू मुंग्यांची रांग. ज्या बायांनी वेळ काढून उत्तरे दिली त्यांचे शब्द आत आहेत आणि आपल्याला ते वाचता येत नाहीत, कारण ते लिहायची रीत कुणाच्या तरी खाजगी मालकीची होती. युनिकोडची सामायिक रीत रुळली तेव्हा कुठे हा घोळ थांबला. खाजगी कुलपाने बायांचा इतिहास असा गिळला आहे. आणखी किती गिळू द्यायचा?

एक रविवार

आता प्रत्यक्ष काय करावे लागते ते सांगते, कारण भीती बहुतेक वेळा न पाहिलेल्या गोष्टीची असते. आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, आणि ती उघडते का ते दुसर्‍या यंत्रावर तपासले. ही पायरी कुणीही गाळू नका. मग लिनक्स मिंट उतरवून पेन ड्राइव्हवर चढवले. त्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला तर आतले काहीही न पुसता नवी प्रणाली वापरून पाहता येते. वायफाय लागतो का, आवाज येतो का, छपाई होते का, सगळे पाहिले. समाधान झाल्यावर बसवायला सांगितले. तिने माझे नाव विचारले, मला हवा तो पासवर्ड विचारला आणि सगळी डिस्क कुलूपबंद करू का असे विचारले. कुठल्या खात्याची विचारणा नाही, फोन नंबर नाही. किल्ली माझ्या डोक्यात आणि एका कागदावर, आणि तो कागद माझ्या कपाटात. जेवणाच्या सुट्टीसकट अर्धा दिवस गेला. जुना लॅपटॉप जरा ताजातवानाही झाला.

सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. प्रिंटर चालला पण त्यावरचा स्कॅनर रुसला. दुसर्‍यांनी पाठवलेल्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण तक्त्यांच्या रेघा कधी सरकतात. टॅली विंडोजसाठीच बनते, म्हणून हिशेबाचे यंत्र आम्ही सध्या तसेच ठेवा असेच मी सुचवले होते. काही सरकारी पोर्टलांवर डिजिटल सहीचे टोकन त्रास देते. आणि सगळ्यात मोठे म्हणजे ही प्रणाली हेही काही अभेद्य चिलखत नाही. आलेल्या प्रत्येक दुव्यावर बोट दाबणार्‍या बाईला लिनक्स वाचवू शकत नाही, आणि नवर्‍याला पासवर्ड सांगितला तर कोणतीही प्रणाली तोंडात बोट घालून बसणार.

मराठी मात्र सुखाची निघाली. सरकारने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलक आतच होता. आठ दिवस बोटे अडखळली, मग बसली. मी हा लेख त्यावरच लिहिला आहे. पडद्यावरच्या सूचनांचे मराठी भाषांतर अनेक ठिकाणी अर्धवट आहे. जे आहे त्यातले बरेच आपल्या शेजारच्या पुण्यात झाले. रेड हॅट कंपनीच्या पुणे कार्यालयातल्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून ते केले. 'लोहित' हा मुक्त फाँटही त्याच कंपनीने सर्वांसाठी मोकळा केला. लोहित म्हणजे लाल. आपल्याला तो रंग परका नाही!

आक्षेप आणि उत्तरे

"वेळ कुठे आहे?" हा पहिला आक्षेप, आणि तो खरा आहे. आपल्यातल्या प्रत्येकीच्या मागे केस आहेत, घर आहे, कोर्टाच्या तारखा आहेत. पण चोरीच्या प्रणालीत विषाणू शिरून गेलेले दिवस, दुकानात घातलेल्या खेपा आणि नव्या लॅपटॉपसाठी देणगीदारांना लिहिलेले अर्ज, हा वेळ आपण कधी मोजला?

"फुकटची वस्तू हलकी असणार." मग ऐका. ई-कोर्ट प्रकल्पात देशातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू ही लिनक्स प्रणाली निवडली गेली, न्यायाधीशांना आणि कर्मचार्‍यांना तिचे प्रशिक्षण दिले गेले. ज्या न्यायालयांत आपण पोटगीचे अर्ज घेऊन उभ्या राहतो, त्यांची ही गोष्ट. केरळात सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर चालते. तिथल्या शिक्षक संघटनेने कंपनीच्या शिरकावाविरुद्ध आवाज उठवला होता आणि पुढे हजारो शिक्षिका त्यावर शिकवू लागल्या. २०१७ मध्ये तिथल्या शासकीय यंत्रणेने या मार्गाने ३०० कोटी रुपये वाचल्याचे सांगितले. केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वतःच्या कार्यालयांसाठी मुक्त प्रणालीला प्राधान्य देणारे धोरण काढले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय उबुंटूवर बेतलेल्या 'माया' प्रणालीकडे वळत असल्याच्या बातम्या आल्या. सरकारला स्वतःच्या गुपितांसाठी जी वस्तू चालते, ती बायांच्या गुपितांसाठी हलकी कशी?

"हे पुरुषांचे जग आहे." हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेते. २०१७ मध्ये गिटहबने मुक्त सॉफ्टवेअर करणार्‍यांची जगभर पाहणी केली, तेव्हा उत्तर देणार्‍यांत बायका फक्त ३ टक्के निघाल्या. मघाशी ज्यांचे नाव घेतले ते स्टॉलमनही आपले आदर्श नव्हेत. सप्टेंबर २०१९ मध्ये जेफ्री एपस्टीन प्रकरणाशी जोडलेल्या एका आरोपाबद्दल त्यांनी जे लिहिले त्यावर संतापाची लाट उठली. त्यांना एमआयटी सोडावी लागली, स्वतः स्थापलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे अध्यक्षपदही गेले. मार्च २०२१ मध्ये ते तिथल्याच संचालक मंडळावर परतले. मुक्तीच्या गोष्टी करणारा पुरुष बायकांच्या प्रश्नावर कसा वागतो, हा अनुभव आपल्याला डाव्या, समाजवादी, दलित अशा सगळ्या चळवळींत आलेला आहे. आपण त्या चळवळी पुरुषांना आंदण देऊन घरी बसलो का? आत राहून भांडलो, आणि स्वतःच्या संघटनाही बांधल्या. इथेही बायकांनी तेच केले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लिनक्सचिक्स, २००४ मध्ये डेबियन विमेन उभी राहिली, आणि आउटरीची योजना नवख्या मुलींना पगारी उमेदवारी देते. आणि मुळात हे जग पुरुषांचे होते कधी? १९४६ मध्ये फिलाडेल्फियात 'एनिअ‍ॅक' हे यंत्र जगापुढे आणले, तेव्हा त्याला काम करायला लावणार्‍या सहा बायका होत्या. समारंभात त्यांची ओळख करून द्यायचे कुणाला सुचले नाही, इतकेच.

चाकणच्या पोरी

आता ताईंच्या आक्षेपाकडे परत येते, कारण तोच खरा. चाकणच्या पोरींच्या स्टुलाशी लॅपटॉपचा संबंध काय?

या पट्ट्यात गाड्यांचे वायरिंग हार्नेस बांधणार्‍या लाइनवर जाऊन पाहा. बोटांएवढ्या जागेत रंगारंगांच्या वायरी ओवून, क्रिम्प करून, तपासून देणार्‍या पोरी. गाडीच्या सगळ्या नसा त्यांच्या हातून जातात. पण आकृती सुपरवायझरच्या हातात, आणि मशीन अडले की "बाजूला हो, तुला कळणार नाही". तीच पोर संध्याकाळी नोकरीत बढती मिळेल या आशेने संगणकाचा कोर्स करते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी गावोगाव पोचला. तो बायांनी मोठ्या संख्येने केला, हे मोठेच काम झाले. त्यातला एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण शिकवले गेले ते मुख्यतः विंडोज आणि त्याच कंपनीचे ऑफिस. संगणक म्हणजे एका कंपनीची खिडकी, आणि तुझे काम त्या खिडकीतून हात घालून ठरावीक बटणे दाबणे. आत पाहायचे नाही! लाइनवरही आत पाहायचे नाही, कोर्समध्येही नाही. बटण दाबणारी स्वस्त बोटे तयार करायची ही एकच रीत आहे, आणि ती दोन्हीकडे सारखी आहे. स्टूल मागणारी पोर आणि आकृती मागणारी पोर एकच. पहिलीला आपण संघटित करतो आणि दुसरीला म्हणतो, हा आपला प्रश्न नाही.

आणखी एक. आपण टाकून दिलेला लॅपटॉप जातो कुठे? फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामे पाडली. गोदामे गेली, पण भंगार निर्माण होणे थांबले नाही. कंपनीने एका तारखेला चालती यंत्रे जुनी ठरवायची, आणि त्यांचे शिसे, प्लास्टिक, तांबे कुठल्या तरी पत्र्याखाली कुणा बाईने हाताने वेगळे करायचे. चालणारे यंत्र आणखी पाच वर्षे वापरणे, हाही त्या बाईशी असलेल्या नात्याचाच भाग आहे.

म्हणून माझी सूचना मी पुन्हा मांडते, या वेळी सगळ्यांपुढे. प्रत्येक गटाने एक जुना लॅपटॉप काढावा आणि पहिला प्रयोग त्यावर करावा. भोसरी, निगडी, चाकण इथे महिन्यातून एका रविवारी बायांचे शिबिर घ्यावे. शिकवायला आयटीआयच्या आणि डिप्लोमाच्या मुली बोलवाव्यात, आणि 'मी करून देतो' म्हणणार्‍या भावांना चहा करायला बसवावे. केसच्या नोंदी ठेवणार्‍या प्रत्येक यंत्राचा पासवर्ड किमान दोन कार्यकर्त्यांना ठाऊक असावा आणि बाहेरच्या एकालाही नसावा. देणगीदार संस्थांना सांगावे की अहवाल आम्ही मुक्त स्वरूपातल्या फायलीत देऊ. सरकारी संगणक अभ्यासक्रमात मुक्त प्रणाली आणि युनिकोड मराठी सक्तीने शिकवावी, अशी मागणी करावी. आणि जिथे पडद्यावरचे मराठी अर्धवट आहे तिथे ते आपण पुरे करावे. आज संगणकाची मराठी 'वापरकर्ता' म्हणते. 'वापरकर्ती' कोण लिहिणार?

हे सगळे केल्याने पितृसत्ता कोसळेल असे मी म्हणत नाही. पण ज्या बाईचा अर्ज तिच्या नवर्‍याच्या फोनवर पोचला, तिने गेल्या महिन्यात माझ्याकडे येऊन स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतः लिनक्स बसवले. पासवर्ड टाइप करताना तिने मला सांगितले, "ताई, तुम्हीपण तोंड फिरवा."

मी फिरवले. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा निघणार आहे. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी जरूर लिहावे. भांडण आपल्या घरातलेच आहे.